अंगावर काढलेले

मराठीत ‘दुखणे अंगावर काढणे’ असा वाक्प्रचार आहे. ताप आला, औषध घेतले नाही, कामे चालू ठेवली आणि चार दिवसांनी तो आपोआप उतरला, तर तो अंगावर काढला असे आपण म्हणतो. व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्प्रचाराला लिंग नाही. पुरुषही दुखणे अंगावर काढतो. वापरात मात्र त्याचा कल एका बाजूला झुकलेला आहे. आत्मचरित्रांत, व्यक्तिचित्रांत आणि श्रद्धांजलीच्या लेखांत आई, आजी, मावशी यांच्याविषयी लिहिताना तो हमखास येतो, आणि बहुधा कौतुकाने येतो. सगळी दुखणी अंगावर काढली, कुणाला कळूही दिले नाही, हा तिच्या थोरवीचा पुरावा मानला जातो.

याच ‘अंग’ शब्दाचा दुसरा एक वापर आहे. अंगावरून पांढरे जाते, अंगावर जास्त जाते, अंग बाहेर येते. बायका आपसांत किंवा दवाखान्यात ज्या तक्रारी सांगतात त्यांतील ‘अंग’ म्हणजे सबंध शरीर नव्हे. ज्या अवयवाविषयी बोलायचे त्याचे नाव टाळून भाषा येथे पूर्ण शरीराचे नाव घेते. ग्रामीण बोलीत ‘मायांग’ असा शब्द आहे, पण तोही शहरी कानांना आता अनोळखी झाला आहे. उरतात ते दोन टोकांचे शब्द : एक शिवीतला आणि एक संस्कृतातला. पहिला उच्चारता येत नाही, दुसरा समजत नाही.

या दोन वापरांचा एकमेकांशी असलेला संबंध हा या लेखाचा विषय आहे. तो आम्हांला दिसला तो मात्र साहित्याच्या वाचनातून नव्हे, तर एका वैद्यकीय मजकुरातून. आम्ही तिघे जण महाविद्यालयात मराठी शिकवतो. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांसाठी तयार होत असलेल्या एका माहितीपत्रकाचे मराठी रूप आम्ही करून द्यावे, अशी विनंती आम्हांला झाली होती. मूळ मजकूर इंग्रजीत होता आणि त्याचा गाभा एकाच मुद्द्याचा होता : एचआयव्ही असलेल्या स्त्रीच्या जननमार्गात दुसऱ्या विषाणूंचा संसर्ग असेल, तर तेथील प्रतिकारव्यवस्थेवर काय परिणाम होतो आणि तिने कोणत्या तपासण्या करून घ्याव्यात. दोन पानांचा मजकूर. तो पुरा करायला आम्हांला चार महिने लागले.

वेळ लागला तो परिभाषेमुळे नव्हे. सहसंसर्ग, जननमार्ग, श्लेष्मल आवरण, प्रतिकारशक्ती हे शब्द कोशात तयार आहेत आणि त्यांत व्युत्पत्तीच्या दृष्टीने काही खोटही नाही. मसुदा पत्रक ज्यांच्यासाठी आहे त्या बायकांपुढे मोठ्याने वाचायचा आणि मग पक्का करायचा, असे आरंभीच ठरले होते. त्याप्रमाणे आम्ही तो एका गटात वाचला. बायकांनी शांतपणे ऐकला. शेवटी एकीने विचारले, “ताई, ते शिपाई वाढवायची गोळी नाही का मिळत? शिपाई जास्त झाले की कुणी आत येणारच नाही.” शिपाई म्हणजे सीडी-फोर पेशी. एचआयव्ही ज्या पांढऱ्या पेशींवर हल्ला करतो त्यांना समुपदेशनात सैनिक किंवा शिपाई म्हणण्याची पद्धत आहे. उपमा सोपी आहे, लक्षात राहते आणि रक्ताची चाचणी व नियमित गोळ्या यांचे महत्त्व तिने हजारो लोकांपर्यंत पोहोचवले आहे. त्या बाईंनी तिच्यावरून काढलेला निष्कर्षही तर्कशुद्ध होता. आणि आमच्या हातातला मजकूर नेमके त्याच्या उलट सांगत होता.

ते उलट म्हणजे काय, हे सांगण्यापूर्वी ‘प्रतिकारशक्ती’ या शब्दाकडे पाहणे आवश्यक आहे. ज्या इंग्रजी शब्दाचा तो पर्याय आहे, त्याचे मूळ लॅटिन आहे आणि ते रणांगणातले नसून कायद्यातले आहे. प्राचीन रोममध्ये कर किंवा सार्वजनिक सेवेच्या सक्तीतून जी सूट मिळे, तिला तो शब्द होता. आपल्याकडील इनाम-वतनांच्या कागदांतील ‘माफी’ या शब्दाच्या जवळचा. एकदा देवी येऊन गेलेल्या माणसाला पुन्हा देवी येत नाहीत, म्हणजे त्याला त्या रोगाची माफी मिळाली, असा तो अर्थविस्तार होता. लढाई पुढे आली. १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे इल्या मेचनिकॉव्ह या रशियन जीवशास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला आणि भोवती भटक्या पेशी गोळा होताना पाहिल्या. पेशी जंतूंना गिळतात, हा सिद्धान्त तेथून उभा राहिला, आणि रोगजंतूंच्या सिद्धान्ताने भारलेल्या त्या काळात शत्रू, आक्रमण, तटबंदी ही भाषा वैद्यकात रुजली. मराठीने तो शब्द घेतला तेव्हा माफीचा अर्थ मागे पडला होता. म्हणून आपल्याकडे ‘प्रतिकार’ आला, आणि त्याला ‘शक्ती’ जोडली गेली. शक्ती म्हटली की ती जितकी जास्त तितकी चांगली, हे ओघानेच आले.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना सुसान सोन्टाग यांची १९७८ आणि १९८९ ची दोन पुस्तके ठाऊक असतात. कर्करोगाविषयीच्या पहिल्या आणि एड्सविषयीच्या दुसऱ्या पुस्तकात त्यांनी रोगाच्या रूपकांची, विशेषतः युद्धाच्या रूपकाची, कठोर चिकित्सा केली. त्यांचा मुख्य आक्षेप नैतिक होता : या रूपकांमुळे रोगी माणूसच कलंकित होतो. वर्गात आम्ही ही पुस्तके शिकवत आलो आहोत. या माहितीपत्रकाच्या निमित्ताने लक्षात आले ते असे की, निदान या एका प्रकरणात युद्धाचे रूपक नैतिकदृष्ट्या आक्षेपार्ह तर आहेच, पण शरीराचे वर्णन म्हणूनही ते चुकीचे आहे.

जननमार्ग हे शरीराचे विलक्षण ठिकाण आहे. तेथे परक्या पेशींना कायम मज्जाव करता येत नाही. तसे झाले तर गर्भधारणाच होणार नाही. पुरुषबीज परके असते. पित्याचा वारसा असलेला गर्भही अर्धा परका असतो. त्यामुळे तेथील प्रतिकारव्यवस्थेला रोज निवड करावी लागते : कोणाला येऊ द्यायचे, कोणाकडे दुर्लक्ष करायचे, कोणाला थोपवायचे. मासिक चक्रातील संप्रेरकांप्रमाणे तिचा कस बदलतो. योनिमार्गाचे अस्तर अनेक थरांचे, तर गर्भाशयाच्या तोंडाच्या आतील भागाचे अस्तर एकाच थराचे असते, आणि या दोहोंच्या सीमेवरचा पट्टा सर्वांत नाजूक. अनेक स्त्रियांत या मार्गात लॅक्टोबॅसिलस गटातील जिवाणूंची वस्ती असते. ते दुग्धाम्ल तयार करतात आणि त्या आम्लतेमुळे अनेक रोगजंतूंना तेथे थारा मिळत नाही. म्हणजे ‘प्रतिकारा’चा एक मोठा वाटा अशा जिवांकडे आहे, जे शरीराचे स्वतःचेसुद्धा नाहीत. या व्यवस्थेचा गुण शक्तीत नाही, प्रमाणात आहे.

आता हर्पिसच्या दुसऱ्या प्रकारच्या विषाणूची गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५२ कोटी लोकांच्या शरीरात तो होता. आपल्याकडे ज्या दुखण्याला ‘नागीण’ म्हणतात, त्याचा विषाणू याच कुळातला, पण वेगळा. या कुळाची एक सवय मात्र दोघांतही आहे : एकदा शिरले की ते मज्जापेशींच्या गाठींत दडून राहतात आणि अधूनमधून वर येतात. जननेंद्रियांवर फोड येतात, फुटतात, खपली धरते, जखम भरते. पुष्कळ वेळा फोडही येत नाहीत. विषाणू त्वचेवर येऊन जातो आणि त्या व्यक्तीला पत्ताही लागत नाही. ज्यांना हा संसर्ग आहे त्यांना एचआयव्ही होण्याची शक्यता सुमारे तिपटीने अधिक असते, हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. याचे सरळ स्पष्टीकरण असे दिले जाई : जखम म्हणजे उघडे दार, आणि दारातून एचआयव्ही आत येतो.

हे खरे असेल तर हर्पिसवरचे औषध देऊन दार बंद करता यायला हवे. ॲसायक्लोव्हिर हे औषध स्वस्त आहे, सुरक्षित आहे. ते रोज देऊन आफ्रिकेतील स्त्रियांवर आणि पेरू व अमेरिकेतील पुरुषांवर मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००८ साली आले. जखमा कमी झाल्या, एचआयव्हीची लागण कमी झाली नाही. दुसरी चाचणी आफ्रिकेतील ३,४०८ जोडप्यांवर झाली. यांत एका जोडीदाराला एचआयव्ही आणि हर्पिस दोन्ही होते. २०१० साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार औषधाने हर्पिसच्या जखमा ७३ टक्क्यांनी घटल्या, रक्तातील एचआयव्हीचे प्रमाणही काहीसे उतरले, पण जोडीदाराला होणारी लागण थांबली नाही.

असे का व्हावे, याचा एक उलगडा २००९ साली सिॲटलमधील संशोधकांनी केला. हर्पिसची जखम भरून आल्यानंतर, वरून त्वचा अगदी पूर्ववत दिसत असताना, त्यांनी त्या जागेचे सूक्ष्म तुकडे तपासले. आत सीडी-फोर पेशींची गर्दी होती. हर्पिसला रोखण्यासाठी त्या तेथे जमल्या होत्या आणि काम संपल्यावरही काही महिने हलल्या नव्हत्या. औषध घेत असतानाही ही गर्दी ओसरत नव्हती. एचआयव्हीला नेमक्या याच पेशी हव्या असतात, त्याही अशाच जाग्या, सावध, चेतवलेल्या. प्रयोगशाळेत अशा जागेच्या त्वचेत एचआयव्ही शेजारच्या निरोगी त्वचेपेक्षा कितीतरी अधिक वेगाने वाढला. त्या बाईंच्या भाषेत सांगायचे तर शिपाई जास्त झाले होते, आणि चोराला शिपाईच हवे होते.

हाच धडा दुसऱ्या मार्गानेही मिळाला आहे. १९९० च्या दशकात नोनॉक्सिनॉल-९ या शुक्रजंतुनाशकाकडून फार आशा होती. प्रयोगशाळेत ते एचआयव्हीला मारत असे. आफ्रिका व थायलंडमधील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांवर त्याच्या जेलची चाचणी झाली आणि २००० साली डर्बनच्या एड्स परिषदेत तिचे निष्कर्ष सांगितले गेले. जेल वारंवार वापरणाऱ्या स्त्रियांत एचआयव्हीची लागण कमी होण्याऐवजी वाढली होती. जेलने अस्तराला इजा होत होती, दाह होत होता. त्यानंतर दहा वर्षांनी दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतात ८८९ स्त्रियांवर टेनोफोव्हिर या एचआयव्हीविरोधी औषधाच्या जेलची चाचणी झाली. २०१० साली जाहीर झालेल्या निष्कर्षांत लागण ३९ टक्क्यांनी कमी झाली होती, आणि हर्पिसची लागण ५१ टक्क्यांनी. पुढील चाचण्यांत मात्र तो लाभ सिद्ध झाला नाही. पहिल्या चाचणीतील स्त्रियांचे नमुने पुन्हा तपासले गेले, तेव्हा २०१८ साली एक गोष्ट पुढे आली : ज्यांच्या जननमार्गात दाह नव्हता त्यांच्यात जेलने ५७ टक्के संरक्षण दिले होते, ज्यांच्यात दाह होता त्यांच्यात अवघे ३ टक्के. औषध तेच, वयोगट तोच. फरक होता तो आत धुमसत असलेल्या आगीचा, आणि अशी आग पुष्कळदा बाईला जाणवतही नाही.

येथे आम्हांला थांबावे लागले. कारण ‘दाह’ हा शब्द आम्ही गटात वाचला तेव्हा बायका म्हणाल्या, आग होते ते ना, ती होतच असते. पांढरे जाते, खाज सुटते, कंबर धरते. सांगायचे कुणाला? एकीने सांगितले की एका दवाखान्यात तिने ही तक्रार केली होती; तिचा एचआयव्हीचा कागद पाहिल्यावर तिला न तपासताच गोळ्या लिहून दिल्या गेल्या, टेबलावर घेतलेच नाही. त्यानंतर तिने पुन्हा कुठे सांगितले नाही. “काढलं अंगावर,” ती म्हणाली. आम्ही एकमेकांकडे पाहिले. क्वाझुलू-नातालच्या नमुन्यांत जे दिसले होते, त्याचेच हे मराठी वर्णन होते. न बोललेला, न तपासलेला, वर्षानुवर्षे चालू राहिलेला दाह. वाक्प्रचारात ज्याचे कौतुक आहे, ते शरीराच्या पातळीवर एक दार सतत उघडे ठेवणे आहे.

पण हा युक्तिवाद येथेच सोडला तर अर्धवट राहील, कारण दुसरा एक विषाणू अगदी विरुद्ध रीतीने वागतो. एचपीव्ही, म्हणजे मानवी पॅपिलोमा विषाणू, दाह करत नाही. तो रक्तात उतरत नाही, पेशी फोडत नाही. अस्तराच्या सर्वांत खालच्या थरात शिरतो आणि पेशी जशा नैसर्गिकपणे वर सरकत जातात तसा त्यांच्याबरोबर वर येतो. धोक्याची घंटा वाजेल असे तो काही करत नाही. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक माणसांना तो आयुष्यात कधी ना कधी होतो आणि बहुतेकांच्या शरीरातून एक-दोन वर्षांत जातो. शरीर त्याला उशिरा का होईना ओळखते. एचआयव्हीमुळे ही ओळख क्षीण झाली की तो जात नाही, रेंगाळतो, आणि वर उल्लेखलेल्या त्या नाजूक सीमेवर काही वर्षांत कर्करोगाची पूर्वावस्था तयार होते. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रीला गर्भाशयमुखाचा कर्करोग होण्याची शक्यता इतर स्त्रियांच्या सहापट असते. एका विषाणूपुढे शरीर फार बोलते, दुसऱ्यापुढे गप्प बसते. स्त्रीला मात्र दोन्ही वेळी बहुधा काहीच होत नसते. अंगावर काढण्यासाठी दुखणे तरी जाणवावे लागते. येथे तेही नाही.

न दिसण्याचा हा दोष केवळ शरीराचा नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत एड्सची जी व्याख्या ठरली, तिच्यातील आजारांची यादी प्रामुख्याने पुरुष रुग्णांवरून झाली होती. स्त्रियांना होणारे जननमार्गाचे आजार तिच्यात नव्हते. त्यामुळे एचआयव्हीने खंगलेल्या अनेक स्त्रिया व्याख्येत बसत नव्हत्या आणि व्याख्येवर अवलंबून असलेली मदतही त्यांना मिळत नव्हती. स्त्रियांनी आंदोलने केली, न्यायालयात गेल्या, आणि १९९३ साली बदललेल्या व्याख्येत पसरलेला गर्भाशयमुखाचा कर्करोग समाविष्ट झाला. एक शब्दसमूह यादीत येण्यासाठी माणसांना रस्त्यावर यावे लागले, हे भाषेच्या अभ्यासकांनी विसरू नये.

आपल्याकडेही १९९७ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पुण्यातील लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांची १९९३ ते १९९६ या काळात तपासणी झाली होती. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांत एचआयव्हीचे प्रमाण ४९.९ टक्के होते. ज्या तसा व्यवसाय करत नव्हत्या त्यांच्यात ते १३.६ टक्के होते, आणि यांतील बहुसंख्य स्त्रिया विवाहित, एका नवऱ्यापलीकडे कुणाशी संबंध न आलेल्या होत्या. त्यांचा धोका त्यांच्या वर्तनात नव्हता, लग्नात होता. ‘गुप्तरोग’ या आपल्या जुन्या शब्दात जे गृहीत आहे, की लपवण्यासारखे काही केले म्हणून लपवण्यासारखे काही झाले, ते या आकड्यापुढे टिकत नाही.

मराठी साहित्याने या प्रदेशात पाऊल ठेवलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले आणि अवयवांना व रोगांना त्यांच्या नावांनी संबोधले. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि त्यांतील १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. खटला ते हरले. १९७२ साली नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने कामाठीपुऱ्याचे जग, त्यातील शरीरे आणि त्यांचे रोग मराठी कवितेत आणले, आणि आपली काव्यभाषा कायमची बदलली. पण कर्व्यांचा वारसा आरोग्यविषयक सदरांत विरून गेला आणि ढसाळांच्या जगातील स्त्री वस्तीतली, म्हणून वाचकाच्या घरापासून दूरची, असा सोयीचा समज करून घेतला गेला. पुण्याच्या त्या दवाखान्यात बसलेली, एकाच नवऱ्याची बायको असलेली, पदर सावरून ‘अंगावरून जातं’ इतकेच सांगू शकणारी स्त्री दोहोंच्या मधल्या जागेत राहिली. तिच्याविषयी जे लिहिले गेले त्यात तिच्या त्यागाचे वर्णन आहे. तिच्या दुखण्याचे नाव क्वचितच आहे.

दरम्यान जग पुढे गेले आहे, आणि ते सांगितले नाही तर हा लेख भीती घालणारा ठरेल. २००४ पासून भारतात एचआयव्हीवरील औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. औषधे वेळेवर सुरू करून नियमित घेतली तर आयुर्मान जवळपास इतरांइतकेच होते. २०११ साली जाहीर झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, ज्याचे एक केंद्र पुण्यात होते, लवकर सुरू केलेल्या उपचारांनी जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतका दबला तर लैंगिक संबंधातून तो पुढे जात नाही, हे त्यानंतरच्या अभ्यासांनी पक्के केले. २०२४ साली दक्षिण आफ्रिका व युगांडातील तरुण स्त्रियांवरील चाचणीत, वर्षातून दोनदा लेनाकापाव्हिरचे इंजेक्शन घेतलेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही एचआयव्ही झाला नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबतही तेच. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एचपीव्हीची एकच चाचणी केलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू आठ वर्षांत सुमारे निम्म्यावर आले होते. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांनी ही चाचणी वयाच्या २५ व्या वर्षापासून, दर तीन ते पाच वर्षांनी करून घ्यावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. उपाय आहेत. पण त्यांतील प्रत्येकाच्या आधी एक वाक्य उच्चारावे लागते, आणि ते वाक्य बाईच्या तोंडी येईल अशा भाषेत असावे लागते.

म्हणून पत्रकाच्या अखेरच्या मसुद्यात आम्ही ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द एकदाच ठेवला, तोही कंसात. त्याऐवजी ‘राखण’ हा शब्द घेतला. तो गटातल्याच एका शेतकरी बाईने सुचवला. शिपायांची गोष्ट तिला पटेना, तेव्हा ती म्हणाली, म्हणजे राखणीसारखं आहे. राखणदार माळ्यावर बसतो, पाखरे येतील तेवढीच उठवतो. तोच सारखा शेतात धावत सुटला तर पाखरांपेक्षा त्याच्याच पायांनी पीक जास्त तुडवले जाईल. आणि तो झोपला तरी पीक जाईल. हर्पिस आणि एचपीव्ही यांतला फरक या दोन वाक्यांत बसला. आमच्या चार महिन्यांतील कोणत्याही मसुद्यात तो इतका नेमका आला नव्हता. ‘जननमार्ग’ आम्ही ठेवला, पण त्याच्या आधी ‘मायांग’ आणि ‘पिशवीचे तोंड’ हे शब्द घातले. पत्रक पाहणाऱ्या एका डॉक्टरांना ते गावठी वाटले. बायकांना ते वाचता आले.

शेवटची ओळ अशी झाली : अंगावरून पांढरे जात असेल, आग, खाज, फोड असतील, किंवा काहीच होत नसेल, तरी तपासून घ्या. ‘किंवा काहीच होत नसेल’ हे चार शब्द मुद्रितशोधनात कोणीतरी गाळले होते. वाक्य विसंगत वाटते, असा शेरा होता. आम्ही ते परत घातले. एचपीव्हीविषयी जे काही सांगायचे ते त्या चार शब्दांतच होते.

भाषा शिकवणाऱ्यांचे वैद्यकात काय काम, असे आम्हांला पुढे अनेकदा विचारले गेले. वर्गात आता आम्ही विद्यार्थ्यांना एक छोटा स्वाध्याय देतो. एखाद्या आत्मचरित्रात किंवा व्यक्तिचित्रात, अमुक बाईंनी आपले दुखणे अंगावर काढले, असे वाक्य आले की तेथे पेन्सिलीने खूण करायची आणि समासात एकच प्रश्न लिहायचा : कोणते दुखणे? बहुतेक पुस्तकांत उत्तर सापडत नाही. मुले-मुली रिकामे समास घेऊन परत येतात, आणि त्या दिवसाचा तास तेथून सुरू होतो.